माझ्याच लेकीच्या वर्गात मी हे कसं शिकवू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारे सर सोळा वर्षांपासून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या शाळेने यंदा सातवी-आठवीला 'कुटुंबजीवन शिक्षण' सुरू करायचं ठरवलंय आणि मुख्याध्यापिका बाईंनी ते सरांकडे सोपवलं, कारण "प्रजननाचा धडा तुम्हीच तर शिकवता". बातमी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि दोन दिवसांत एकतीस पालकांच्या सह्यांचं निवेदन आलं, की मुलांचं हे वय नाही, शाळेने अभ्यास शिकवावा. त्यात सरांची स्वतःची मुलगी त्याच शाळेत आठवीला आहे आणि पत्नीचं म्हणणं आहे, "पोरीला वर्गात मान वर करता येणार नाही, तुम्ही नाही म्हणून मोकळे व्हा." सरांना तीन वाटा दिसतात. सरळ नकार द्यायचा, किंवा बाहेरून डॉक्टर बोलावून मुलामुलींना वेगळं बसवून एक व्याख्यान उरकायचं, किंवा स्वच्छता आणि व्यसनमुक्ती एवढंच घेऊन बाकीचं गाळायचं. ते विचारतात, "विषय मला पटतो पण धीर होत नाही. या कामासाठी मी चुकीचा माणूस आहे का?"

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना जे जाणवलं ते आधी सांगते. पत्रात मुख्याध्यापिका बाई काय म्हणाल्या ते आहे, एकतीस पालक काय म्हणतात ते आहे, तुमच्या मिसेसचं म्हणणं तर चांगलं सविस्तर आहे. सातवी-आठवीची मुलं काय म्हणतात याबद्दल मात्र एक ओळही नाही. आणि तुमची लेक, जिला लाज वाटेल म्हणून तुमची झोप उडालीय, तिला काय वाटतं हेही कुठे नाही. हे तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये, आपण मोठी माणसं मुलांच्या बाबतीत असंच करतो, त्यांच्याबद्दल सगळ्यांशी बोलतो आणि त्यांना विचारायचं राहून जातं. पण माझं पुढचं सगळं उत्तर याच राहून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता हा विषय आहे तरी काय ते बघू, कारण बाईंनी तो तुमच्याकडे दिला त्या कारणातच घोळ आहे. प्रजननाचा धडा तुम्ही शिकवता म्हणून हे तुमचं, असं त्या म्हणाल्या, पालकांनीही तेच धरलं आणि तुम्हीही. म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात कुटुंबजीवन शिक्षण म्हणजे शरीरसंबंधांची माहिती, बाकी सगळं वरवरचं. युनेस्कोने शाळांसाठी या विषयाची मार्गदर्शिका 2009 मध्ये काढली आणि 2018 मध्ये ती सुधारली. पाच वर्षांपासून अठराच्या पुढपर्यंत चार वयोगट केलेत आणि आठ मुख्य संकल्पना आहेत. त्यातली पहिली संकल्पना नातेसंबंध, आणि त्या पहिल्या संकल्पनेतला पहिला विषय कुटुंब. सगळ्यात लहान मुलांनी सुरुवातीला काय शिकायचं, तर घरं वेगवेगळ्या प्रकारची असतात. कुणाच्या घरी आईबाबा दोघं असतात, कुणाकडे एकच, कुणाला आजी वाढवते. शरीराची रचना आणि वाढ हा त्या आठांमधला एक भाग आहे, महत्त्वाचा आहे, पण एक. हिंसा आणि सुरक्षितता ही वेगळी संकल्पना, स्त्री-पुरुष म्हणून आपल्यावर काय काय लादलं जातं ती वेगळी, निर्णय घेणं, नाही म्हणणं, मदत मागणं ही कौशल्यं वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने जी दहा जीवनकौशल्यं सांगितलीत, स्वतःची ओळख, समानुभूती, भावना हाताळणं, ताण हाताळणं वगैरे, ती याच कामासाठी लागतात. तेव्हा विज्ञानाचे सर म्हणून तुमच्याकडे यातला एक तुकडा तयार आहे. उरलेल्यासाठी भाषेच्या बाई, खेळाचे सर, समुपदेशक असतील तर त्या, सगळेच लागणार आहेत.

मुलांना खरंच काय हवं असतं, हे मला कसं कळलं ते सांगते, कारण मीही आधी चुकले होते.

शाळांमध्ये सत्रं घ्यायला नुकती सुरुवात केली होती तेव्हाची गोष्ट. एका शाळेत नववीच्या मुलींसाठी मला दोन तास दिले होते. मुलग्यांना मैदानावर पाठवलं, खिडक्या लावून घेतल्या, दाराशी एक मावशी उभ्या केल्या. मी तक्ते लावून पाळीबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं, मुली माना खाली घालून ऐकत होत्या, शेवटी कुणीच काही विचारलं नाही आणि मला वाटलं छान झालं, सगळ्यांना कळलं. मधल्या सुट्टीत बाहेर आले तर तीन-चार मुलगे एका मुलीच्या हातातलं माहितीपत्रक ओढून घेत होते, मोठ्याने वाचत होते आणि ती मुलगी रडकुंडीला आली होती. ते पत्रक मीच तिच्या हातात दिलं होतं. मुलग्यांना दोन तास बाहेर काढून, खिडक्या लावून, आत काहीतरी चोरून ठेवण्यासारखं चाललंय हे मीच त्यांना शिकवलं होतं. तो चेहरा मी विसरले नाही. म्हणून तुमचा दुसरा पर्याय, मुलंमुली वेगळी आणि एक व्याख्यान, वाचला तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

त्यानंतर मी बोलण्याआधी विचारायला लागले. साधं बुटाचं खोकं, झाकणाला चीर पाडलेली. सगळ्यांना एकाच आकाराच्या चिठ्ठ्या द्यायच्या, नाव लिहायचं नाही, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, ज्याला प्रश्न नसेल त्याने 'प्रश्न नाही' असं लिहून टाकायचं, म्हणजे कोण लिहितंय कोण नाही यावरून कुणी कुणाला चिडवायला नको. त्या चिठ्ठ्या घरी नेऊन वाचायला बसले की काय निघायचं सांगू? "आईबाबा भांडायला लागले की मी कुठे जाऊन बसू?" "बाबांची नोकरी गेलीय हे मला कुणी सांगितलं नाही पण मला कळलंय, मी विचारू का?" "माझ्या घरी फक्त आजी आहे, कुटुंबाचं चित्र काढायला सांगतात तेव्हा मी काय काढू?" ही शेवटची चिठ्ठी माझ्याकडे बरेच दिवस होती, कारण कुटुंबाचं चित्र काढा हे मीही किती वर्गांत सांगून आले होते.

आणि हो, शरीराचेही प्रश्न असायचे. एका मुलग्याने लिहिलं होतं, "माझ्या छातीत गाठ आहे, हात लागला की दुखतं, मी मुलगा आहे तर मला कॅन्सर आहे का?" अक्षर बारीक, कागद चारदा दुमडलेला. वयात येताना हार्मोन्सच्या बदलांमुळे बऱ्याच मुलग्यांना छातीत अशी दुखरी गाठ येते आणि साधारण सहा महिने ते दोन वर्षांत ती आपोआप जाते, खूप वाढली किंवा गेलीच नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, एवढंच उत्तर. दोन मिनिटांचं. पण ते दोन मिनिटांचं उत्तर देणारं कुणी नव्हतं म्हणून ते पोरगं किती महिने रात्री छाती चाचपत झोपलं असेल याचा विचार करा. एका मुलीने लिहिलं होतं की पहिली पाळी आली आणि मग दोन महिने आलीच नाही, मी मरणार का. सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी अनियमित असू शकते हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही ज्या प्रश्नांना घाबरताय, म्हणजे भर वर्गात उत्तर देताना कानशिलं तापतील असे, ते असायचे पण मोजकेच, आणि त्यातले बरेचसे मोबाइलवर काहीतरी बघून घाबरलेल्या मुलांचे असायचे.

म्हणून सर, पहिली गोष्ट ही करा. अभ्यासक्रम, तक्ते, पीपीटी काहीही ठरवायच्या आधी वर्गात एक खोकं ठेवा. शाळेचा होकार घेऊन, आठवडाभर. आणि त्या चिठ्ठ्या आधी तुम्ही आणि एक सहकारी बाई मिळून वाचा. त्यातून तुमचा अभ्यासक्रम निम्मा तयार होईल, आणि पालकांच्या सभेत सांगायला तुमच्याकडे दुसऱ्या कुणाचं भाषण नसेल, त्यांच्याच मुलांचे प्रश्न असतील. (अक्षर ओळखू येईल म्हणून चिठ्ठ्या जशाच्या तशा दाखवू नका, आणि एखादा प्रश्न एकाच घराला लागू पडेल असा असेल तर तो बाहेर अजिबात काढू नका.)

आता त्या एकतीस सह्या. तुमच्या पत्रात त्या पालकांचा उल्लेख थोडा शत्रूसारखा आलाय, तो राग मी समजू शकते, पण जरा थांबा. त्यांनी काय वाचलंय? ग्रुपवरचा एक मेसेज. कार्यक्रमात काय आहे हे शाळेने त्यांना दाखवलंय का? नाही, कारण ते अजून तुम्हालाच माहीत नाहीये. नावातच कुटुंब असलेली गोष्ट कुटुंबाला न विचारता शाळेत आली तर सह्या येणारच.

हे मोठ्या प्रमाणावरही घडलंय. भारतात 2005 मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम देशपातळीवर आला, शिक्षकांसाठीचं साहित्य शाळांपर्यंत गेलं, त्यातल्या चित्रांवर आणि मजकुरावर आक्षेप सुरू झाले आणि 2007 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. नायजेरियात 2001 मध्ये लैंगिकता शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम मंजूर झाला, विरोध झाला, मग तोच बदल करून 'कुटुंबजीवन आणि एचआयव्ही शिक्षण' या नावाने शाळांत गेला. नाव बदलून दार उघडतं हे खरंय, पण नुसतं नाव बदललं आणि आत काय आहे ते पालकांपासून झाकून ठेवलं तर ज्या दिवशी एखादी वही घरी उघडली जाते त्या दिवशी पुन्हा तोच गोंधळ. तेव्हा तुम्ही नाव काहीही द्या, झाकू नका.

"हे वय नाही" या म्हणण्याला उत्तर आहे आणि ते शांतपणे देता येतं. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण 8 ते 13 या वयात होते, मुलग्यांमध्ये 9 ते 14. म्हणजे सातवीच्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं त्या प्रवासात कधीच निघालेली असतात. दुसरी भीती, की सांगितलं की मुलं करून बघतील. यावर जगभर पुष्कळ अभ्यास झालेत, युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत त्यांचा आढावा आहे आणि त्याचा निष्कर्ष असा, की अशा शिक्षणाने मुलं लवकर संबंधांकडे वळतात असं दिसत नाही. उलट नुसतं 'लग्नाआधी नको' एवढंच शिकवणारे कार्यक्रम मुलांना थांबवण्यात उपयोगी पडले नाहीत. स्वीडनमध्ये हे शिक्षण 1955 पासून सगळ्या शाळांना सक्तीचं आहे, तिथे आता आजी झालेल्या बायकासुद्धा शाळेत हे शिकून मोठ्या झाल्यात.

पण खरं सांगू, एवढ्या आकड्यांनी सह्या मागे घेतल्या जात नाहीत, कारण पालकांच्या मनातली भीती बऱ्याचदा वेगळीच असते आणि ती निवेदनात लिहिलेली नसते. एक भीती ही, की मूल घरी येऊन मला काहीतरी विचारेल आणि मला उत्तर देता येणार नाही, आपण त्याच्यासमोर उघडे पडू. दुसरी त्याहून खोल, की शाळा आमच्या घरात डोकावेल. घरात कोण पितं, कोण कुणावर हात उगारतं, कोण वेगळं राहतं, पैशाची काय ओढाताण चाललीय, हे आमचं पोरगं वर्गात उभं राहून सांगेल आणि मग शिक्षकच काय, सगळा वर्ग आमच्याकडे त्या नजरेने बघेल. ही भीती मला पूर्णपणे रास्त वाटते. कुटुंबाबद्दल शिकवणाऱ्या विषयात हा धोका आहेच, आणि तो नाकारण्यापेक्षा त्याच्यावर नियम करा आणि तो नियम पालकांना पहिल्याच सभेत वाचून दाखवा: कुठल्याही मुलाला स्वतःच्या घराबद्दल बोलायला सांगितलं जाणार नाही. कधीच नाही. जे बोलायचं ते गोष्टीतल्या घराबद्दल.

हे कसं जमतं त्याचं एक उदाहरण देते. फळ्यावर एक काल्पनिक घर काढायचं, आई, बाबा, आजोबा, चौदा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी. प्रत्येकाच्या नावापुढे दिवसाचे चोवीस तास आखायचे आणि वर्गाने ते भरायचे, सकाळी पहिलं कोण उठतं, पाणी कोण भरतं, आजोबांचं औषध कोण देतं, रात्री शेवटचा दिवा कोण बंद करतं. अर्ध्या तासात वर्ग पेटतो. मुलगी म्हणते मुलाच्या रकान्यात एवढी मोकळी जागा का, मुलगा म्हणतो बाबा बाहेर कमावतात ते काम नाही का, कुणीतरी हळूच विचारतं की आजोबांना दिवसभर कुणाशीच बोलायचं नाही का. तुम्ही खडू हातात धरून नुसतं विचारत राहायचं, बरं मग आता यांनी काय करावं? कुणीही आपल्या घरचं एक अक्षर सांगितलेलं नसतं आणि तरी प्रत्येक जण आपल्याच घराचा विचार करून बाहेर पडतो. हा प्रयोग विज्ञानाच्या सरांना भाषेच्या बाईंइतकाच जमतो, यात लाजण्यासारखंही काही नाही, सुरुवात अशाच तासाने करा.

पालकसभेबद्दल दोन-तीन गोष्टी. पीपीटी दाखवून मंजुरी मागू नका. प्रत्येक तासाला काय होणार ते एकेका कागदावर लिहून टेबलावर मांडा, पालकांनी फिरून वाचावं, ज्यावर शंका आहे तिथे खूण करावी. सभा दोन वेगवेगळ्या वेळांना ठेवा, एक संध्याकाळची आणि एक सुट्टीच्या दिवशी, नाहीतर फक्त आया येतात आणि सह्या करणारे वडील घरीच राहतात. आणि पालकांनाही चिठ्ठी द्या. प्रश्न एकच विचारा: तुम्ही तेरा वर्षांचे असताना तुम्हाला कुणी काय सांगायला हवं होतं? मी हा प्रश्न विचारलाय. खोली अशी शांत होते की पंख्याचा आवाज ऐकू येतो, आणि मग लोक लिहायला लागतात. एक गृहस्थ, सभेला तावातावाने आलेले, चिठ्ठी लिहून झाल्यावर माझ्या हातात देऊन काही न बोलता जागेवर जाऊन बसले. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्यासोबत जे झालं ते वाईट होतं आणि त्यात माझी चूक नव्हती, एवढं कुणी सांगितलं असतं तरी पुरे होतं."

यावरून तुमच्या तिसऱ्या पर्यायाकडे येते, स्वच्छता आणि व्यसनमुक्ती ठेवून बाकी गाळायचं. हा पर्याय सगळ्यांना सोयीचा वाटतो आणि मला तो सगळ्यात जास्त खटकतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो, घरातला, नात्यातला, शेजारचा, विश्वासातला. ज्या मुलाला आपल्या अवयवांची नावं उच्चारायची लाज वाटायला शिकवलंय, ते मूल घडलेलं सांगणार कुठल्या शब्दांत? "काका त्रास देतात" एवढंच म्हणतं आणि आपण म्हणतो, अगं मस्करी करत असतील. शब्द देणं हे संरक्षणाचं काम आहे, तेव्हा तेवढं तरी गाळू नका. बाकी काय आधी काय नंतर हे पालकांशी बोलून पुढेमागे करता येईल, गर्भनिरोधनाची चर्चा सातवीला नको, नववी-दहावीला घेऊ असं ठरलं तर त्याने आभाळ कोसळत नाही, सुरक्षिततेचा तास मात्र पहिल्या महिन्यातच हवा.

आणि तो तास घेण्याआधी शाळेने एक तयारी केलेली हवीच. एखादं मूल तासानंतर तुमच्याकडे येऊन काहीतरी सांगेल. सांगेलच, असं धरून चला. त्याला "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि पाळूही नये. "तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी काही चूक नाही, तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल" एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, शाळेतच चौकशी मांडून बसू नका. अनेक देशांत अशी गोष्ट कळली की ती यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, तसं स्पष्ट आहे, दाबून ठेवणं हा गुन्हा आहे. कुणी कुणाला सांगायचं, पालकच आरोपी असतील तर काय करायचं, हे मुख्याध्यापिका बाईंबरोबर बसून आधी लिहून काढा. हे लेखी नसेल तर कार्यक्रम सुरू करू नका, या बाबतीत मी ठाम आहे.

डॉक्टरांचं व्याख्यान? जरूर बोलवा, पण मधे कुठेतरी, मुलांचे शरीराचे प्रश्न गोळा झाल्यावर, ते प्रश्न आधी त्यांच्या हातात देऊन. एका दिवसाचा पाहुणा येतो, बोलतो, जातो. प्रश्न सुचतो तो दुसऱ्या दिवशी डबा खाताना, आणि तेव्हा शाळेत तुम्ही असता. आठवड्याला एक तास, एका सत्रात आठ-दहा तास, परीक्षा नाही, मार्क नाहीत, एवढंच पहिल्या वर्षी पुरे. मुलंमुली एकत्र. कधी प्रश्न विचारायला वेगळं बसवायचं असेल तर बसवा, पण दोन्हीकडे माहिती तीच द्या, मुलग्यांना पाळी आणि मुलींना मुलग्यांचे बदल कळलेच पाहिजेत. वर्गात दोन मोठी माणसं, एक बाई एक पुरुष, म्हणजे मुलांना ज्याच्याशी मोकळं वाटेल त्याच्याशी बोलता येतं आणि तुमच्यावरही उद्या कुणी भलतंसलतं बोट दाखवायला नको. प्रत्येक तासानंतर घरी एक कागद जाऊ दे, आज काय बोललो आणि घरी काय बोलता येईल. ज्या पालकाला मुलाला बसवायचंच नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नका, फक्त एवढी अट घाला की नाही म्हणण्याआधी टेबलावरचे कागद येऊन वाचायचे.

(हे वाचणाऱ्यांत सह्या करणारे पालकही असतील, तुमच्यासाठी दोन वाक्यं. शाळेने असा कार्यक्रम आणला तर सरसकट नको म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: साहित्य बघायला मिळेल का, शिकवणाऱ्यांना प्रशिक्षण दिलंय का, आणि माझ्या मुलाने काही गंभीर सांगितलं तर तुम्ही नेमकं काय करणार. या तिन्हींची उत्तरं नसतील तर तुमचा विरोध योग्यच आहे.)

आता तुमचा प्रश्न, मी चुकीचा माणूस आहे का. तुम्हाला वाटतंय की हे शिकवणाऱ्याला संकोच नसावा आणि सगळी उत्तरं माहीत असावीत. मला संकोच होत नाही म्हणणाऱ्या माणसापेक्षा संकोच मान्य करून शब्द उच्चारणारा माणूस मुलांना जास्त विश्वासाचा वाटतो, हे मी बघितलंय. ते शब्द घरी मोठ्याने म्हणून बघा, आरशासमोर नाही जमलं तर चालताना म्हणा, पाच-सहा वेळा म्हटलं की धार जाते. आणि "हे मला आत्ता सांगता येत नाही, पुढच्या तासाला वाचून येतो" हे वाक्य तर सोळा वर्षं विज्ञान शिकवताना तुम्ही कितीदा वापरलं असेल, तेच इथेही चालतं. शिवाय एक पुरुष मुलांसमोर उभा राहून पाळी, रडू येणं, भांडण मिटवणं, घरकाम याबद्दल साध्या आवाजात बोलतो, हे तुमच्या वर्गातल्या किती मुलग्यांनी आजवर ऐकलं असेल? एकट्याने मात्र घेऊ नका. बाईंना स्पष्ट सांगा की जोडीला एक सहकारी, थोडं प्रशिक्षण आणि ती लेखी पद्धत, एवढं मिळालं तर मी तयार आहे, नाहीतर नाही. तशा अटीवर नाही म्हटलंत तर तो पळपुटेपणा होणार नाही.

राहिली तुमची लेक. तुमच्या मिसेसचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतःचे बाबा वर्गात उभे असणं हेच मुळात अवघड असतं, त्यात हा विषय, आणि पोरं चिडवतातच. पण तिला मान वर करता येणार नाही हे आईला वाटतंय, तुम्हाला वाटतंय, तिने तसं म्हटलंय का? तिला विचारा. समोर बसवून गंभीर चेहऱ्याने नको, दोघं बरोबर चालत असताना किंवा काहीतरी काम करताना विचारा, जिथे तिला तुमच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. असं काहीतरी म्हणा, "शाळेत हा विषय येतोय, तुमच्या वर्गाला मी घ्यावा का दुसऱ्या कुणी, तुला काय बरं वाटेल? तू नको म्हणालीस तर मी नाही घेणार, मला वाईट वाटणार नाही." आणि मग गप्प राहा. ती लगेच काही बोलणार नाही, दोन दिवसांनी बोलेल, किंवा आईला सांगेल, तेही चालेल. मिसेसना आधी सांगून ठेवा की तुम्ही विचारणार आहात.

ती नको म्हणाली तर का नको हे विचारू नका. आठवी सहकारी बाईंकडे द्या आणि सातवी तुम्ही घ्या.